मास्तरांची माफी

१

मास्तरांनी माफी मागितली तेव्हा मी दुधाची पिशवी हातात घेऊन दुकानाच्या दारात उभी होते. दुकानदाराचा रेडिओ नेहमीसारखा बडबडत होता आणि नेहमीसारखंच कुणी ऐकत नव्हतं. बातम्या संपल्या. निवेदक म्हणाला, "आता एक महत्त्वाचं निवेदन," आणि मग तो आवाज आला.

"माझी चूक झाली. रागाच्या भरात मी नको ते बोलून बसलो. ते सगळे शब्द मी परत घेतो. सोसणाऱ्याने तरी किती सोसायचं? आता हा हट्ट सोडायला हवा. घरी परत यायला हवं."

सुट्टे पैसे मोजणारा दुकानदाराचा हात तिथेच थांबला. निवेदक पुढे सांगत होता, की मास्तरांना आपली चूक उमगली आहे आणि लपून बसलेल्या त्यांच्या साथीदारांनीही पोलिसांत हजर व्हावं. दुकानदाराने रेडिओ बंद केला. रांगेतल्या कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

मास्तर म्हणजे आमच्या रात्रशाळेचे गणिताचे मास्तर. गणित शिकवता शिकवता सरकारचं गणित कुठे चुकतं तेही सांगायला लागले, आणि तिथून सगळं बिनसलं. आधी त्यांचा रेडिओवरचा कार्यक्रम बंद झाला. मग नोकरी गेली. मास्तर चौकात उभं राहून बोलू लागले, तर तिथे लाठ्या चालल्या. शेवटी आठ महिन्यांपूर्वी बिनानंबरची एक गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. कोर्ट नाही, वकील नाही, भेट नाही. हळूहळू लोकांनी त्यांचं नावही टाकलं. अख्खं शहर एका माणसाबद्दल गप्प बसू शकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खोटं मानलं असतं.

घरी येऊन दादाला सांगायचं म्हणजे दुसरी परीक्षा. माझा थोरला भाऊ निवृत्त फौजदार. गोळीबाराच्या सरावात त्याचे कान गेले. कानाचं यंत्र आहे, पण ते सदऱ्याच्या खिशात असतं. म्हणे सेल वाया जातो! ऐकू येत नसल्यामुळे स्वतः मात्र कवायतीच्या मैदानावर असल्यासारखा बोलतो.

मी निवेदन शब्द न शब्द त्याच्या कानात ओरडून सांगत होते, तेवढ्यात दारात मास्तरीणबाई येऊन उभ्या राहिल्या. आठ महिन्यांत या बाईच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. आजही नव्हतं.

"फौजदारसाहेब," त्या म्हणाल्या, "मला एकच सांगा. माझा माणूस जिवंत आहे का?"

२

"जिवंत?" दादा गरजला. "आज रेडिओवर बोललाय ना तो!"

"आवाज त्यांचाच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण किती स्वच्छ होता हो. लग्न झालं तेव्हा असे बोलायचे."

मी ते दादाला सांगितलं तशी त्याची भिवई वर चढली. त्याने बत्तीस वर्षं कोठड्या पाहिल्या होत्या.

"आठ महिने आत राहिलेल्या माणसाचा आवाज तरुण होत नाही," तो म्हणाला. "ही जुनी टेप आहे. तुकडे जोडलेत. आता प्रश्न असा, की माणूस हाताशी असताना जुनी टेप कशाला लागते? एक तर तो बोलत नाहीये. नाही तर..."

त्याने वाक्य अर्धं सोडलं. मास्तरीणबाईंनी मान हलवली. दुसरा अर्थ त्यांनी केव्हाच स्वतःला सांगून ठेवलेला दिसत होता.

"टेप कुणाकडून तरी गेली असणार," दादा म्हणाला. "ज्याने दिली, त्याला नेणाऱ्यांनी काहीतरी सांगितलं असेल. तो माणूस सापडला तर मास्तरचा पत्ता लागेल. त्याच्या आवाजाच्या टेपा कुणाकुणाकडे आहेत?"

"बाहेर म्हणाल तर तिघांकडे. चौकातला रेडिओवाला भाषणं टेप करायचा. दातांची डॉक्टरीण त्यांची विद्यार्थिनी, तिने वर्गातले धडे टेप केले होते. आणि आमचे धाकटे दीर."

त्या गेल्यावर मी दादाला म्हटलं, "अरे, या वयात कशाला नसती उठाठेव? भिंतीलाही कान असतात."

"असू देत," तो म्हणाला. "मला नाहीत."

रेडिओवाल्याच्या दुकानात गर्दी होती. कुणाचा पंखा, कुणाची इस्त्री. दादाने दारातूनच तोफ डागली, "काय रे, मास्तरच्या टेपा तू विकल्यास का?"

रेडिओवाल्याच्या हातातून स्क्रू सांडले. "हळू बोला, साहेब! माझ्याकडे टेपा नाहीत. सगळ्या पुसल्या."

"काय? पुरल्या?"

दुकानातला एक जण फिसकन हसला. रेडिओवाल्याने कपाळाला हात लावला, म्हणजे दादा बरोबर बोलला होता. मग तो मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, मी दिल्या नाहीत, आणि दिल्या असत्या तरी त्यांना उपयोग नव्हता. मास्तरांची भाषणं मला पाठ आहेत. 'माझी चूक झाली' हे त्यात शोधून सापडणार नाही. शिवाय शेवटच्या दोन वर्षांतल्या टेपा तर ऐकवत नाहीत. सारखी सूं सूं. मी तीन माईक बदलले, तरी तेच."

मी हे सगळं दादाच्या कानात ओरडले, म्हणजे सगळ्या दुकानानेच ऐकलं. सूं सूं ऐकल्यावर पंखा दुरुस्तीला आणलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आपल्या पंख्याकडे वळला.

३

डॉक्टरीणबाईंवर माझा संशय होता, तो उगाच नव्हता. मास्तरांच्या अटकेनंतर त्यांच्या दवाखान्याला टाळं लागलं होतं, आणि गेल्याच आठवड्यात ते अचानक निघालं. असं फुकट कोण काय देतं?

बाकावर पेशंट गाल धरून बसले होते. दादाने त्या सगळ्यांसमोर विचारलं, "दवाखाना उघडायला काय दिलंत? मास्तरच्या टेपा?"

बाईंचा चेहरा लाल झाला. "साहेब, दवाखाना उघडला तो वरच्या एका साहेबांची दाढ दुखायला लागली म्हणून. दाढेला कुठे कळतं कोण सरकारी आणि कोण विरोधी?"

बाकावरच्या पेशंटांना गाल धरून हसावं लागलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "माझ्या टेपा इथेच आहेत, बघा हव्या तर. अपूर्णांकांचे धडे. त्यात माफी कुठून येणार? फळ्यावर उत्तर चुकलं तर सर म्हणायचे, फळा चुकला."

बोलता बोलता त्यांनी औषधाचं कपाट उघडलं. टेपांच्या डब्याशेजारी काचेचं एक भांडं होतं आणि त्यात गुलाबी पट्टीवर बसवलेले दोन दात.

"हे कुणाचे?" दादाने विचारलं.

"सरांचेच. चौकात लाठी बसली तेव्हा पुढचे दोन दात गेले. मी मापाने करून ठेवले, पण बसवून घेतील तर शपथ! म्हणायचे, सरकारने पाडलेत, सरकारच बसवून देईल. मी म्हटलं, सर, बोलताना शिट्टी वाजते. तर घरगुती बोलताना 'स'च टाळायला लागले. चहात साखर हवी असली तरी म्हणायचे, गोड घाला. भाषणात मात्र कुठे टाळणार? पहिल्या रांगेतली पोरं रुमाल घेऊन बसायची."

मी बाईंचं बोलणं सांगत होते आणि दादा माझ्या तोंडाकडे बघून ओठ वाचत होता. त्याला शिट्टी कधीच ऐकू आलेली नव्हती, पण मास्तरांच्या तोंडातली ती फट त्याने शेकडो वेळा पाहिली होती.

"निवेदन रोज संध्याकाळी परत लावतात ना?" तो म्हणाला. "चल घरी."

संध्याकाळी मी कानात प्राण आणून बसले. "ते सगळे शब्द मी परत घेतो. सोसणाऱ्याने तरी किती सोसायचं? आता हा हट्ट सोडायला हवा."

सगळे. सोसणाऱ्याने. सोसायचं. सोडायला. एकही शिट्टी नाही. आवाज लोण्यासारखा मऊ.

हे बोलणं दात पडायच्या आधीचं होतं. आम्ही दोन वर्षं ती शिट्टी ऐकली, तिच्यावर विनोद केले, आणि माफीच्या धक्क्यात कुणाच्या लक्षातही आलं नाही की ती गायब आहे.

"कवळी बसवली असेल म्हणतील," मी म्हटलं.

"कवळी डॉक्टरणीच्या कपाटात आहे. आणि नवी बसवली तरी महिनाभर माणूस जीभ अडकल्यासारखा बोलतो. मी स्वतः बोललोय." दादाने आपली कवळी कडकड वाजवून दाखवली.

टेप जुनी हे पक्कं झालं. पण दिली कुणी?

४

राहिला मास्तरांचा धाकटा भाऊ. पाणीखात्यात कारकून होता, नुकताच बढती मिळून वेगळ्या खोलीत बसायला लागला होता. दादाने त्या खोलीत शिरून दार उघडंच ठेवलं.

"बढती कशाची मिळाली?"

धाकट्याने मान खाली घातली. "तुम्हाला वाटतंय त्याची नाही. साहेबांसमोर उभं राहून सांगितलं, तो माझा भाऊ नाही म्हणून. तेवढ्यावर मिळाली." त्याने टेबलावरची फाईल उगाच सरळ केली. "तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तर मला ते खरंही वाटायला लागलं."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कीव आली. लाठी न उगारता या लोकांनी भावाकडून भाऊ काढून घेतला होता.

"टेपा?"

"एक होती, बारशाची. त्यात सगळी पोरं रडतायत. आणि साहेब, माझ्या दादाने माफी मागितली यावर माझा विश्वासच नाही. लहानपणी त्याने माझं बोट दारात चेमटवलं. आई म्हणाली, माफी माग. तर म्हणाला, दार चुकीचं बसवलंय. सख्ख्या भावाला जो कधी 'चुकलं' म्हणाला नाही, तो सरकारला म्हणेल?"

बाहेरच्या टेबलांवरच्या सगळ्या लेखण्या थांबल्या होत्या. मी दादाला सगळं ओरडून सांगितलं आणि त्या लेखण्या जास्तच थांबल्या.

दादाने सरळ घरचा रस्ता धरला. घरी येऊन खुर्चीत बसला, यंत्र खिशातून काढून हातात खेळवत राहिला.

"टेप तिघांनीही दिलेली नाही," शेवटी तो म्हणाला. "आणि तिघांनी एकच गोष्ट सांगितली. मास्तरने जन्मात कुणाची माफी मागितली नाही. वर्गात नाही, चौकात नाही, भावाची नाही. तुकडे जोडून वाक्य बनवता येतं, पण 'माझी चूक झाली' हा तुकडा कुठेतरी असायला तर हवा. मग तो कधीतरी, कुणापाशी तरी, हे बोलला होता."

"कुणापाशी?"

तो उत्तर देणार तेवढ्यात दारावर टकटक झाली. मी टकटक म्हणते, पण दादा उठला ती टकटक ऐकून नव्हे, माझा उतरलेला चेहरा बघून.

५

आलेला माणूस सभ्य होता. पॉलिश केलेले बूट, सोनेरी चष्मा. चहा नको म्हणाला. असे लोक चहा नको म्हणाले की माझे हातपाय गार पडतात.

"साहेब," तो हळू, गोड आवाजात म्हणाला, "आपण निवृत्त आहात. आता आराम करावा. ताईंचंही वय झालंय."

"काय?" दादा ओरडला. "मोठ्याने बोला!"

खिडकी उघडी होती. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली.

"म्हटलं, अफवा पसरवू नका," चष्मेवाला जरा आवाज चढवून म्हणाला. "लोक म्हणतात, टेप जुनी आहे."

"टेप जुनी आहे? असं तुम्ही म्हणता?"

"मी नाही, लोक!"

"आणि मास्तर मेला म्हणतात, ते?"

"कोण म्हणतं?" माणूस खुर्चीतून अर्धा उठला. गल्लीतही एकदम सामसूम झाली. मास्तर मेले असं तोवर कुणीच म्हटलं नव्हतं, दादाने ते तिथल्या तिथे जन्माला घातलं होतं.

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. मग पुढे वाकून, अगदी मनापासून विचारल्यासारखं त्याने विचारलं, "पण साहेब, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला विचारतो. ती जुनी वाटते तरी कशावरून?"

दादा त्याच्या तोंडाकडे बघत होता. दादाने कानामागे हात धरला आणि म्हणाला, "मी बहिरा माणूस. मला सगळे आवाज सारखेच."

तो गेल्यावर दादा किती तरी वेळ दाराकडे बघत बसला. घाबरलाय असं वाटून मी पाणी आणलं.

"बये," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला, "त्याला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"शिट्टी! मास्तरच्या तोंडातली फट त्यांना रोज दिसते. पण फटीतून शिट्टी वाजते हे कधी कळेल? माणूस बोलला तर. रेडिओवरून त्याला दात असतानाच काढलं. चौकात बोलला तर ऐकून न घेता लाठ्या चालवल्या. आणि आत... अगं, आठ महिने ठेवलाय त्याला. काय काय केलं असेल मी जाणतो, मी तिथलाच आहे. आणि त्याने त्यांच्यासमोर एक शब्द काढलेला नाही. 'सोडा मला' एवढंही म्हणाला असता, तरी ती शिट्टी वाजली असती."

त्या खोलीची, त्या माणसाची, त्या गप्पपणाची मला कल्पनाच करवेना. साखर न म्हणता गोड घाला म्हणणारे आमचे मास्तर. इतकं मोठं काही इतक्या साध्या माणसाच्या हातून होऊ शकतं, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"आता चल," दादा म्हणाला. "टेप देणारा सापडलाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

६

मास्तरीणबाईंनी दार उघडलं आणि आमचे चेहरे बघून त्यांना कळलं. त्यांनी खुर्च्या पुढे केल्या, गॅलरीचं दार लावून घेतलं.

"जगाची माफी न मागणारा माणूस एकाच ठिकाणी मागतो," दादा म्हणाला. "घरी. वहिनी, तुम्ही म्हणाला होतात, 'बाहेर म्हणाल तर तिघांकडे.' मी घरातलं विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. टेप तुम्ही दिलीत."

मी म्हटलं, "दादा, अरे काय बोलतोस!"

"खरं बोलतायत ते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मीच दिली."

क्षणभर मला त्या बाईंची चीड आली. मग त्या सांगू लागल्या.

"लग्नाला वर्ष झालं होतं. घरी पाहुणे होते, हे त्यांना काहीतरी हिशेब सांगत होते, तो चुकला. मी चारचौघांत चूक दाखवली. तर मला म्हणाले, तू गप्प बस. मी त्याच दिवशी बॅग भरली आणि माहेरी गेले. महिनाभर फिरकले नाहीत. मग एक दिवस टेप पाठवून दिली. समोर येऊन बोलायची छाती नव्हती. 'माझी चूक झाली. रागाच्या भरात मी नको ते बोलून बसलो.' आयुष्यातली एकच माफी, ती मी जपून ठेवली होती. भांडण झालं की मी लावायचे!"

त्या हसल्या. मलाही हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम.

"मागच्या आठवड्यात ते लोक आले. म्हणाले, यांच्या आवाजाच्या टेपा द्या, ओळख पटवायची आहे. मी काय कुकुलं बाळ आहे? माणूस ताब्यात असताना त्याचा आवाज मागायला येतात, म्हणजे तो बोलत नाहीये. किंवा बोलायला उरला नाहीये. नाही म्हटलं असतं तर दुसरीकडे गेले असते, रेडिओवाल्याच्या टेपा उकरल्या असत्या, शिट्टीवाल्या. मग ते सोंग खपलं असतं. म्हणून त्यांना हवं ते सगळं ज्यात आहे, अशीच टेप मी हातात ठेवली. दातांच्या वेळची. शोधायचं कारणच ठेवलं नाही."

"पण मग आल्या आल्या मला शिट्टीचं का नाही सांगितलंत?" दादाने विचारलं.

"मी बोलले असते तर त्यांना कळलं असतं की फसवलं मीच. त्याचा राग त्यांनी कुणावर काढला असता?" त्यांनी पदराने चष्मा पुसला. "आणि साहेब, टेपेवर काम भागलं की जिवंत माणसाची त्यांना गरज काय? टेपेतला मास्तर माफी मागतो, गप्प राहतो, खायला मागत नाही. मला ती टेप खोटी पडायला हवी होती. लोकांनी म्हणायला हवं होतं, हा आवाज जुना, खरा माणूस दाखवा. पण हे घरोघर जाऊन, सगळ्यांना आठवण करून देत, ओरडून विचारणार कोण? तसा माणूस या शहरात एकच आहे."

दुकान, दवाखाना, पाणीखातं, आमची उघडी खिडकी. आम्हाला वाटलं आम्ही तपास करतोय. आम्ही दवंडी पिटत होतो.

"माझा आवाज मोठा आहे म्हणून मला निवडलंत?" दादा म्हणाला.

"तीन गल्ल्या जातो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "रागावू नका."

बत्तीस वर्षं चोर पकडलेला माझा भाऊ उठून उभा राहिला आणि त्याने त्या बाईंना कडक सलाम ठोकला. चेष्टेने नव्हे. मी त्याला ओळखते.

७

पुढचे दिवस विलक्षण होते. कुणी काही बोलत नव्हतं आणि सगळ्यांना सगळं माहीत होतं. पंख्यावाला म्हातारा मला रस्त्यात भेटला, आपल्या पुढच्या दोन दातांच्या जागी बोट ठेवलं आणि निघून गेला. मास्तर मेले, ही वार्ता मात्र उघड फिरत होती. परदेशातले वकील विचारायला लागले, असंही कानावर आलं. साथीदारांपैकी हजर झालं नाही कुणीच.

खबरे तर गल्लीगल्लीत होते. त्यांनी वर कळवलं, की लोकांना टेप जुनी वाटते. कशावरून वाटते, हे कुणी कळवलं नाही. त्यांचीही पोरं मास्तरांच्या हाताखाली शिकली होती. अख्ख्या शहराची अळीमिळी गुपचिळी! ज्या गप्प बसण्याची मला इतके महिने लाज वाटत होती, तेच गप्प बसणं आता भिंत होऊन मास्तरांच्या पाठीशी उभं होतं.

आणि मग जाहीर झालं, की अफवांना उत्तर म्हणून सकाळच्या बातम्यांनंतर मास्तरांचं ताजं बोलणं ऐकवण्यात येईल.

आम्ही रेडिओवाल्याच्या दुकानात गेलो. पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरीणबाई होत्या. एका कोपऱ्यात धाकटा भाऊ उभा होता, कामावर रजा टाकून. मास्तरीणबाईंना मधे स्टूल दिलं होतं. दादाने पहिल्यांदा खिशातून यंत्र काढून कानात घातलं. मी मास्तरीणबाईंचा हात धरला.

निवेदक पुष्कळ बोलला. मास्तरांनी आधीच्या निवेदनावर ठाम असल्याचं सांगितलं आहे, वगैरे. ते सगळं निवेदकच सांगत होता. मग खरखर झाली. कुणीतरी जड श्वास घेतला.

"मी सुखरूप आहे. सगळ्यांना सांगा."

बस, एवढंच. आवाज म्हातारा, फाटका, ओळखू न येण्यासारखा. पण प्रत्येक 'स'वर सुईसारखी बारीक, लांब शिट्टी!

रेडिओवर ते ध्वनिमुद्रण करणाऱ्याला शिट्टी ऐकू आली नसेल? आलीच असणार. त्यानेही तोंड उघडलं नव्हतं. सरकारने स्वतःच्या रेडिओवरून स्वतःच सिद्ध केलं होतं, की माफी मागणारा हा माणूस नव्हता. आणि हा माणूस जिवंत होता. आता त्याला जिवंत ठेवणं भाग होतं. अख्ख्या देशाने त्याला सुखरूप म्हणताना ऐकलं होतं.

मास्तरीणबाईंनी पदर तोंडावर दाबला. आठ महिन्यांनी त्या रडल्या, पोटभर, हुंदके देऊन. मग मला म्हणाल्या, "सुखरूप हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नाही हो, ताई. घरी 'मी ठीक' म्हणतात. 'स' टाळतात ना. तीन शब्द निवडले आणि तिन्ही 'स'चे."

तेव्हा मला कळलं. मास्तरांना तिथे कुणी काय सांगितलं होतं, देव जाणे. जुनी टेप लागली, लोक खरी मानत नाहीत, एक वाक्य बोल, असंच काहीतरी असणार. आठ महिने मिटलेलं तोंड त्यांनी तेवढ्यासाठी उघडलं. नवराबायकोत एका शब्दाची गाठभेट नव्हती, मधे किती भिंती होत्या कोण जाणे, आणि दोघांनी एकच डाव खेळला होता. मी आयुष्यात मोठी माणसं फारशी पाहिली नाहीत. ही दोन पाहिली.

दादा मात्र भांबावून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. बारीक आवाज त्याच्या यंत्रालाही पकडता येत नाहीत.

"काय म्हणाला मास्तर?" त्याने विचारलं.

दारात एक शिपाई उभा होता. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे गेले. मग पंख्यावाला म्हातारा पुढे झाला. त्याच्या तोंडात मुळात दातच नव्हते.

"सुखरूप आहे म्हणाले," तो शिट्टी वाजवत म्हणाला. "सगळ्यांना सांगा म्हणाले."

मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुखरूप आहेत, साहेब." त्यांचे सगळे दात शाबूत होते, तरी शिट्टी वाजली. मग रेडिओवाला. मग कोपऱ्यातून, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, धाकटा भाऊ. "सुखरूप आहे माझा भाऊ!"

शिपाई बघत राहिला. बोलताना शिट्टी वाजते म्हणून कुणाला आत टाकायचं?

मास्तरीणबाईंनी डोळे पुसले आणि दादाची बाही ओढली.

"ऐकू नाही ना आलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग परत विचारा. बाहेर रस्त्यावर जाऊन विचारा. मोठ्याने."